साथ कुणी कुणाची करायची? जॉन बबल्स, 'पोर्गी अँड बेस' आणि रोज बदलणारं एक गाणं

१९३५ च्या ऑगस्टअखेरीस न्यूयॉर्कमध्ये 'पोर्गी अँड बेस' या ऑपेराच्या तालमी सुरू झाल्या. मुख्य गायक-गायिका संगीताचं शिक्षण घेतलेले, स्वरलिपी वर्तमानपत्रासारखी वाचणारे. स्पोर्टिन लाइफ या महत्त्वाच्या भूमिकेसाठी घेतलेल्या माणसाला मात्र ती वाचता येत नव्हती. तो टॅप नर्तक होता, म्हणजे बुटांच्या ठोक्यांनी जमिनीवर ताल वाजवत नाचणारा. नाव जॉन बबल्स, वय ३३, आणि लहानपणापासूनचं आयुष्य व्हॉडव्हिलमध्ये गेलेलं. व्हॉडव्हिल म्हणजे एका तिकिटात गाणी, नाच, नकला, जादू, कसरती असं सगळं दाखवणारा कार्यक्रम.

त्याला त्याचं गाणं कसं शिकवलं याची गोष्ट ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीच्या, इतिहासात नेहमी सांगितली जाते. लय काही केल्या बसेना, तेव्हा संगीतकार जॉर्ज गर्शविनने ती टॅप करून, पायांनी वाजवून दाखवली. बबल्सने ती आधी पायांनी उचलली आणि मग गळ्यात घेतली. गोष्ट गोड आहे. पण ती इथेच थांबवली की नर्तक अडाणी पण गुणी आणि संगीतकार दिलदार, एवढंच हाती लागतं. मला या प्रकरणाचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. शिकवून झालं, गाणं पाठ झालं, तरी बबल्स ते रोज थोडं वेगळं गात राहिला. त्यावरून तालमींत कुरबुरी झाल्या आणि वाद्यवृंद चालवणारा कंडक्टर चिडला. याचं खापर सहसा स्वरलिपी न येण्यावर फोडतात. मला ते पटत नाही. तो ज्या धंद्यात वाढला त्यात रोज वेगळं करणं हाच नियम होता.

पोरं, पियानो आणि बुचाची काजळी

जॉन विल्यम सबलेट हे त्याचं खरं नाव, जन्म १९०२. लहानपण केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात गेलं. तिथे त्याची फोर्ड ली वॉशिंग्टनशी, म्हणजे 'बक'शी गाठ पडली. बक त्याच्याहून लहान. दोघं बोलिंगच्या अड्ड्यावर पडलेल्या पिन्स उभ्या करायचं काम करत. बक पियानो वाजवायचा, जॉन गायचा. हो, गायचा. नाच नंतर आला. साधारण अठराव्या वर्षी आवाज फुटला, गाण्याचा भरवसा राहिला नाही आणि मग त्याने पायांकडे लक्ष दिलं. टॅपमधला एवढा मोठा माणूस मुळात गायक होता हे लक्षात ठेवायला हवं, कारण १९३५ साली त्याला पुन्हा गायला बोलावलं गेलं.

लुईव्हिलमधली त्यांची एक आठवण सांगितली जाते. एका थिएटरात कृष्णवर्णीयांना मज्जाव होता, रंगमंचावरही आणि प्रेक्षागृहातही. तिथे काम मिळालं तेव्हा या दोन पोरांनी तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासली, हातांत मोजे घातले आणि 'काळ्याचं सोंग घेतलेले गोरे' म्हणून खेळ केला. त्या काळात गोरे नट काजळी फासून कृष्णवर्णीयांच्या नकला करत, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. कृष्णवर्णीय मुलाने कृष्णवर्णीयाचं सोंग घेणाऱ्या गोऱ्याचं सोंग घ्यायचं. हे वाक्य मला दोनदा लिहून पाहावं लागलं.

जोडीने काम करण्यामागेही एक व्यवस्था होती. मोठ्या व्हॉडव्हिल साखळ्यांमध्ये कृष्णवर्णीय कलावंताला एकट्याने रंगमंचावर येऊ देत नसत. दोघं असले तर चाले. हा दंडक मोडणाऱ्यांत बिल 'बोजँगल्स' रॉबिन्सनचं नाव पहिलं घेतात. बक आणि बबल्स मात्र जोडीनेच वाढले आणि त्या जोडीतून त्यांनी एक नवाच खेळ उभा केला.

बक पियानोवर झोपाळल्यासारखा बसायचा. बबल्स नाचायचा. बक मध्येच लय ढिली सोडायचा, स्टुलावरून घसरल्याचं नाटक करायचा आणि पुन्हा नेमका समेवर यायचा. टॅपमध्ये 'स्टॉप टाइम' नावाचा प्रकार आहे. वाद्यं फक्त पहिल्या मात्रेवर ठोका देऊन गप्प बसतात आणि मधली शांतता पायांनी भरायची असते. बकच्या हाती असं काही पडलं की तो वाट पाहत राहायचा, कारण बबल्स ती जागा किती ताणणार हे बबल्सलाही आधी माहीत नसायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर पियानो साथीला होता. नर्तक जाईल तिकडे साथीदाराने जायचं. बबल्स वर्षानुवर्षं या सवयीत वाढला.

हार्लेममधली खोली

१९२० च्या सुमारास बबल्स हार्लेममध्ये, न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्तीत, हूफर्स क्लबात गेला. 'हूफर' म्हणजे टॅपवाला, शब्दशः खूरवाला. क्लब हे नाव भारी, प्रत्यक्षात ती लाफायेत थिएटरजवळची एक छोटी खोली होती. त्यात एक खिळखिळा पियानो आणि नाचायला जेमतेम जागा. तिथे नर्तक एकमेकांसमोर पावलं मांडायचे आणि नवख्याची परीक्षा व्हायची. बबल्सची झाली आणि तो हसण्यावारी गेला. 'जमिनीला दुखतंय रे' अशा अर्थाचं काहीतरी त्याला ऐकावं लागलं. तो निमूट बाहेर पडला, दौऱ्यावर पश्चिम किनाऱ्याकडे गेला आणि तिथे वर्षभर घासून सराव केला. परत आला तो 'ओव्हर द टॉप' हे अवघड पाऊल दुहेरी करून आणि 'बॅक स्लाइड' तिहेरी करून. मग कुणी हसलं नाही.

ही कथा बबल्सने स्वतःच सांगितलेली आहे. मार्शल आणि जीन स्टर्न्स या दांपत्याने जुन्या जाझ नर्तकांना गाठून त्यांच्या आठवणी नोंदवून घेतल्या, त्यांत तो होता. अपमान, वनवास, विजयी पुनरागमन हा साचा आपल्यालाही ओळखीचा आहे. प्रत्येक घराण्यात अशी एक गोष्ट असते. त्यामुळे वर्षाचा हिशेब मी काटेकोरपणे धरत नाही. पण त्या खोलीतला एक अलिखित नियम मात्र अनेकांच्या आठवणींत येतो: दुसऱ्याचं पाऊल उचलायचं तर उचल, पण जसंच्या तसं करायचं नाही. बदलून कर, नाहीतर तू चोर.

हा नियम का, हेही सरळ आहे. पावलांवर कुणाचा कायदेशीर हक्कच नव्हता. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचनेचं नाव स्पष्टपणे आलं ते १९७६ साली. १९५२ मध्ये नृत्यदिग्दर्शिका हान्या होल्मच्या, 'किस मी केट' या संगीतिकेतल्या नृत्यांची लिखित नोंद कॉपीराइटसाठी स्वीकारली गेली, तीच मोठी बातमी ठरली होती. बबल्सच्या उमेदीत तर नर्तकाचं भांडवल पहिल्या रांगेत बसलेला दुसरा नर्तक डोळ्यांनी उचलून नेऊ शकत होता, आणि नेतही होता. त्यावर उपाय एकच: तेच पाऊल दुसऱ्यांदा त्याच पद्धतीने करायचं नाही. बबल्सची ख्याती याचसाठी होती. लोक त्याचं चोरायला बसत आणि दुसऱ्या खेळाला ते पाऊल बदललेलं असे.

त्याने टॅपमध्ये नेमकं काय केलं हे थोडं सांगायला हवं, नाहीतर गर्शविनच्या गाण्याशी धागा जुळणार नाही. त्याच्याआधीचा टॅप मुख्यतः पायाच्या चवड्यावर, हलका आणि वेगवान असे. रॉबिन्सन हा त्याचा राजा, अगदी स्वच्छ आवाज, जिन्याच्या पायऱ्यांवर चढता-उतरता नाचणारा. बबल्सने चाल निम्म्यावर आणली. ठाय लयीत आल्यावर दोन ठोक्यांमध्ये जागाच जागा झाली. त्या जागेत त्याने टाच आणली. चवड्याचा आवाज टोकदार, टाचेचा जड. जणू डग्ग्याला घुमारा मिळाला. आघात अपेक्षित जागी न देता अलीकडे-पलीकडे सरकवायचे आणि वाक्य आठ मात्रांत न संपवता पुढे ओढून न्यायचं. याला 'रिदम टॅप' म्हणतात आणि बबल्सला त्याचा जनक मानतात. तबल्याच्या अंगाने विचार करणाऱ्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. विलंबितात खेळायला वाव जास्त, आणि उघडं पडायची भीतीही जास्त.

गर्शविनचे पाय

आता तालमीकडे. ड्यूबोस हेवर्डच्या कादंबरीवरून आधी नाटक झालं होतं, त्यावर हा ऑपेरा. कथा दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरात, कॅटफिश रो नावाच्या गरीब वस्तीत घडते. स्पोर्टिन लाइफ हा तिथला छानछोकीचा, अंमली पूड विकणारा, लोकांना न्यूयॉर्कची स्वप्नं दाखवणारा माणूस. दुसऱ्या अंकात वस्तीतली धार्मिक मंडळी किट्टीवा बेटावर सहलीला जातात आणि हा तिथे तेच, आपल्या गोष्टीतलं गाणं म्हणतो, 'इट एन्ट नेसेसरिली सो', की बायबलमध्ये लिहिलंय ते सगळं खरंच असेल असं नाही. डेव्हिड आणि गोलिएथ, माशाच्या पोटातला योना, नऊशे वर्षं जगलेला मेथुसेला, सगळ्यांची तो टर उडवतो. मध्ये मध्ये अर्थ नसलेली बोलासारखी अक्षरं फेकतो आणि सगळा जमाव ती त्याच्यामागून परत म्हणतो. चाराच्या चालीवर तिनाचे तुकडे बसवलेले आहेत. कागदावर ते मोजून गाता येतं. न मोजता गायचं असेल तर ते अंगात असावं लागतं.

गर्शविनने पाय वाजवून दाखवले यावर माझा विश्वास आहे, आणि त्याला कारणं आहेत. १९२४ च्या 'लेडी, बी गुड' या संगीतिकेच्या तालमीत नर्तक फ्रेड अ‍ॅस्टेअर आणि त्याची बहीण अडेल यांना एका नाचाचा शेवट सुचेना, तेव्हा गर्शविनने पियानो सोडून पाऊल करून दाखवलं, ही आठवण खुद्द अ‍ॅस्टेअरची. दुसरं, १९३४ च्या उन्हाळ्यात गर्शविन चार्ल्सटनजवळच्या फॉली बेटावर जाऊन राहिला होता. त्या किनाऱ्यावरच्या गुल्ला या कृष्णवर्णीय समाजाच्या एका प्रार्थनासभेत 'शाउटिंग' चालू होतं. नाव ओरडण्याचं, पण तो हातापायांनी धरलेला गुंतागुंतीचा ठेका असतो. गर्शविन त्यात सामील झाला आणि तिथल्या पटाईत माणसालाही त्याने मागे टाकलं, असं हेवर्डने नोंदवलं आहे. म्हणजे हा संगीतकार लय पायांनी शिकलेला होता. बबल्सला त्याने काही सोपं करून सांगितलं नाही. दोघांना येणाऱ्या भाषेत सांगितलं. आपल्याकडे कथकची मुलगी आधी बोल पढते, मग तत्कार करते. इथे क्रम उलटा होता, एवढंच.

या टप्प्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. मिटलं नाही.

कुरबुरी

संचातल्या लोकांच्या आठवणींत बबल्स उशिरा येतो. तालमीला आलाच तर कालचं आज करत नाही. एखादी जागा आवडली की ताणतो. जमावाने ज्या क्षणी उत्तर द्यायचं तो क्षण पुढे जातो आणि अख्खा कोरस तोंड उघडून अडकतो. कंडक्टर अलेक्झांडर स्मॉलेन्स इतका वैतागला की याला काढून टाका म्हणाला. त्यावर गर्शविनने, कसं काढणार, तो तर काळा टोस्कॅनिनी आहे, अशा अर्थाचं उत्तर दिलं असं सांगतात. टोस्कॅनिनी म्हणजे त्या काळचा सर्वांत दरारा असलेला कंडक्टर. विनोद म्हणून हे सांगितलं जातं. मला त्यात नेमकं निदान दिसतं. बबल्स स्वतःच कंडक्टर असल्यासारखा वागत होता, कारण आयुष्यभर तो तेच करत आला होता. बक आणि पियानो त्याच्या मागून जायचे. आता पूर्ण वाद्यवृंद होता, कोरस होता, छडी दुसऱ्याच्या हातात होती, आणि साथीला त्याने राहायचं होतं.

बकही याच ऑपेरात होता, मिंगो नावाच्या छोट्या भूमिकेत. पण पियानोपासून दूर. त्याला पियानोवर बसवलं असतं तर काय झालं असतं, असा एक चुकार विचार माझ्या मनात येतो.

मराठी वाचक इथे म्हणेल, रोज वेगळं गायलं तर बिघडलं काय? गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांचं पद रंगलं की वन्समोअर यायचा, पद वाढायचं, तबल्यावर थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष त्यांच्या गळ्यामागून जायचे. नाटक पहाटेपर्यंत चाले आणि त्याबद्दल तक्रार करणारा अरसिक ठरे. खरं आहे. पण तिथे साथीला मोजकी माणसं, आणि सगळी कानाने वाजवणारी. चाळीस जण समोरचा कागद वाचून वाजवत असतील तर ते गळ्यामागून कसे जाणार? स्मॉलेन्सची बाजूही समजून घ्यावी लागते.

आणि बाकीच्या गायकांची तर जास्तच. पोर्गी झालेला टॉड डंकन वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात संगीत शिकवत होता. बेस झालेली अ‍ॅन ब्राउन ज्युलियर्ड या न्यूयॉर्कच्या संगीतशाळेत शिकलेली, संचातली रूबी एल्झीही तिथलीच. या मंडळींना मेट्रोपॉलिटन ऑपेराचे, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य ऑपेरागृहाचे, दरवाजे बंद होते. तिथे मेरियन अँडरसन हा पहिला कृष्णवर्णीय आवाज ऐकू यायला १९५५ उजाडलं. हा ऑपेरा म्हणजे आम्ही कोणापेक्षाही कमी नाही हे दाखवण्याची संधी. त्यांनी ती किती गंभीरपणे घेतली होती हे मार्च १९३६ मध्ये दिसलं. दौरा वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरला पोचला. तिथे कृष्णवर्णीय प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. डंकन आणि ब्राउन यांनी अशा प्रेक्षागृहासमोर गाणार नाही असं ठामपणे सांगितलं, आणि त्या आठवड्यापुरते का होईना, सगळ्यांना बरोबरीने बसता आलं. अशा लोकांच्या शेजारी व्हॉडव्हिलवाला उभा राहतो, उशिरा येतो आणि मनाला येईल तसं गातो. त्यांना वाटणारी भीती मी समजू शकतो. ज्या 'नाचे-गाणारे' या शिक्क्यातून सुटायचं होतं, तोच शिक्का हा माणूस खिशात घेऊन फिरत होता.

म्हणून त्यांच्या आठवणी वाचताना थोडं सावध राहावं असं मला वाटतं. त्या खोट्या नाहीत. पण त्यांत शिस्त म्हणजे कागदाची शिस्त. हूफर्स क्लबातही शिस्तच होती, आणि ती मोडल्यावर लोक हसून बाहेर काढत.

प्रयोग

बोस्टनमध्ये चाचणी प्रयोग होऊन १० ऑक्टोबर १९३५ रोजी ब्रॉडवेवरच्या अल्विन थिएटरात पडदा वर गेला. दिग्दर्शक रूबेन मामूलियन, निर्माती संस्था थिएटर गिल्ड. १२४ प्रयोग झाले. ऑपेरा म्हणून हा आकडा थक्क करणारा. ब्रॉडवेच्या गणितात तोटा, आणि गुंतवलेले पैसे बुडाले. तुलनेसाठी, १९२१ मध्ये कृष्णवर्णीय संचाच्या 'शफल अलाँग' या संगीतिकेचे ५०४ प्रयोग झाले होते. हा ऑपेरा की संगीतिका, यावर समीक्षकांचा वाद झाला. बबल्सच्या कामावर मात्र फारसा वाद झाला नाही. तो चालत यायचा तेच नाच असायचं. त्याच्यानंतर स्पोर्टिन लाइफ झालेल्यांची नावं पाहा: १९४२ मध्ये एव्हन लाँग, १९५० च्या दशकातल्या जगदौऱ्याच्या संचात कॅब कॅलोवे, १९५९ च्या चित्रपटात सॅमी डेव्हिस ज्युनियर. सगळे आधी नाचणारे किंवा जाझ गाणारे, ऑपेराच्या घडणीतला एकही नाही. गर्शविनने जी जागा बबल्ससाठी धरून ठेवली ती पुढे तशीच राहिली.

कागदावर मात्र काही उरलं नाही. स्वरलिपी प्रयोगांआधीच छापून झाली होती, त्यामुळे प्रयोगांत बबल्सने काय केलं त्याचा मागमूस तिच्यात असणं शक्यच नव्हतं. १९३५ मध्येच निवडक गाण्यांच्या तबकड्या निघाल्या त्या लॉरेन्स टिबेट आणि हेलन जेप्सन या मेट्रोपॉलिटनच्या गोऱ्या गायकांच्या आवाजात. स्पोर्टिन लाइफचं गाणंही टिबेटनेच गायलं. १९४० च्या तबकड्यांत मूळ संचातले डंकन आणि ब्राउन आले, पण बबल्सचं ते गाणं तिथेही डंकनच्या वाट्याला गेलं.

अ‍ॅस्टेअरबद्दल बबल्स सांगायचा की त्याने माझ्याकडून धडा घेतला, एका तासाचे ४०० डॉलर मोजून. आकडा मला जरा फुगलेला वाटतो. म्हातारे कलावंत बिदागी सांगताना हात आखडता घेत नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे. पण १९३६ च्या 'स्विंग टाइम' चित्रपटातला अ‍ॅस्टेअरचा नाच पाहावा. त्या नाचाच्या शीर्षकात बोजँगल्सचं नाव आहे, म्हणजे मानवंदना रॉबिन्सनला. पोशाख आणि चालण्याचा ढंग मात्र स्पोर्टिन लाइफचा, आणि पायही रॉबिन्सनपेक्षा बबल्सच्या जातीचे. तोंडाला अ‍ॅस्टेअरने काजळी फासली आहे.

बक १९५५ मध्ये गेला. गर्शविन त्याच्या कितीतरी आधी, १९३७ मध्येच, अवघ्या ३८ व्या वर्षी. १९६३ मध्ये लिओंटिन प्राइस आणि विल्यम वॉरफिल्ड यांच्यासोबत 'पोर्गी अँड बेस'मधल्या प्रवेशांची तबकडी निघाली तेव्हा बबल्सला बोलावलं. वय ६१. ही तबकडी सहज ऐकायला मिळते आणि ऐकावी. प्राइस आणि वॉरफिल्ड ऑपेरा गातात, शब्दाची प्रत्येक कड घासलेली. बबल्स अर्धं बोलतो, अर्धं गातो.

१९६७ मध्ये त्याला पक्षाघात झाला. नाच थांबला. १९८० साली न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये 'ब्लॅक ब्रॉडवे' नावाचा कार्यक्रम झाला, जुन्या कृष्णवर्णीय संगीतिकांमधली म्हातारी मंडळी त्यात पुन्हा रंगमंचावर आली. बबल्सही आला. पायांचा उपयोग नव्हता, म्हणून त्याने गाणं म्हटलं.